मातीचा कस आणि माणसाचा शब्द



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी दोन वर्षे शिकलो. त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार माझ्याहून अधिक असणारे कितीतरी जण या सभागृहात बसले आहेत. मी एकच आठवण सांगतो. आषाढात भाताची लावणी सुरू झाली की आमच्या वर्गातली निम्मी मुले दिसेनाशी होत. गुरुजी हजेरी घेत. परंतु अशा मुलाच्या नावापुढे त्यांनी गैरहजेरीची फुली कधी मारली नाही. तिथे ते बारीक अक्षरांत ‘शेतावर’ असे लिहीत. तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांना हा शेरा रुचत नसे. गुरुजी म्हणत, मूल शाळेत नाही हे खरे, पण ते शिकत नाही असे मी कसे लिहू?

आजच्या व्याख्यानासाठी मला साहित्यविषयक विषय सुचवण्यात आला होता. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाकडून तीच अपेक्षा असणार. तरीही मी शेतीचा विषय मागून घेतला. मी शेतीतज्ज्ञ नाही. माझी पदवी लोकगीतांतील कृषिजीवनावरील प्रबंधासाठी मिळालेली आहे. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील गावोगाव हिंडून मी लावणीची, मळणीची, दळणाची गाणी लिहून घेतली. त्या गाण्यांत भाताच्या जातींची नावे होती. त्यांची मी अकारविल्हे यादी केली आणि ती परिशिष्टात जोडली. परीक्षकांनी त्या परिशिष्टाचे विशेष कौतुक केले.

त्याच काळातली एक गोष्ट मला अजून बोचते. एका म्हाताऱ्या बाईंकडून मी तीन दिवस गाणी उतरवून घेत होतो. निघताना त्यांनी माजघरातली पेंढ्याची मुडी दाखवली. तीत बियाण्याचे भात बांधून ठेवले होते. जे गाणे मी लिहून घेतले होते, त्याच गाण्यातले. त्या म्हणाल्या, “मास्तरा, गाणे नेलेस, आता मूठभर बी पण ने.” मी हसलो आणि म्हणालो, “आजी, मला बियाण्याचा काय उपयोग?” निवृत्तीनंतर मी त्या घरी पुन्हा गेलो, तेव्हा आजी नव्हत्या, मुडी नव्हती आणि शेतात गवत होते. माझा प्रबंध मात्र ग्रंथालयाच्या कपाटात सुरक्षित आहे. नावे राहिली, बियाणे गेले. हा दोष दुसऱ्या कोणाचा नाही, माझा आहे. आणि आज जे बोलणार आहे ते या दोषाच्या जाणिवेतून बोलणार आहे.

हल्ली जगभर एका शेतीपद्धतीची चर्चा आहे. तिला पुनरुज्जीवक शेती असे म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा आहे. जमिनीतून पीक काढताना तिचा कस कमी होऊ नये, एवढ्यावर ही शेती थांबत नाही. गेलेला कस परत यावा, असे ती म्हणते. त्यासाठी माती उघडी ठेवायची नाही, तिची उलथापालथ शक्य तितकी कमी करायची, एकच पीक पुन्हा पुन्हा न घेता फेरपालट करायची, जमिनीत शक्यतो बारमाही जिवंत मुळे असू द्यायची आणि गुरांना पुन्हा शेतीशी जोडायचे, अशी तिची मुख्य सूत्रे आहेत. हे ऐकून आपल्यापैकी वडीलधारी मंडळी म्हणतील की यात नवे ते काय? ते बरोबर आहे. ‘कस’ हा शब्द आपल्याकडे आहेच. देशावर ‘बेवड’ म्हणून एक सुंदर शब्द आहे. आधीचे पीक पुढच्या पिकासाठी जमिनीत जे मागे ठेवून जाते, ती त्याची बेवड. ज्या भाषेत असा शब्द रुजला, त्या भाषेच्या शेतकऱ्याला ही कल्पना परकी कशी म्हणावी?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यातील सामाजिक विचारांचा अभ्यास आपण वर्गात करतो, परंतु त्यातील मातीचा विचार बहुधा सोडून देतो. रानातला पालापाचोळा, मेलेल्या जीवजंतूंचा अंश आणि गुरांचे मलमूत्र यांचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर वाहून शेतात येते, तेच जमिनीचे खत. ते वाया जाऊ नये म्हणून जागोजाग बांध घालावेत, असे जोतीरावांनी सांगितले. जंगलखात्याने गायराने आणि राने बंद केल्यामुळे शेतकऱ्याची गुरे घटली आणि गुरांबरोबर खतही गेले, हा कार्यकारणभाव त्यांनी तेव्हाच दाखवून दिला होता. पुढे सर आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला होते. तेथे त्यांनी कंपोस्टची पद्धत सिद्ध केली, ती जगात इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. हिंदुस्थानातील शेतकरी आणि पिकांवरील किडी हेच आपले खरे प्राध्यापक, असे हे गृहस्थ मानीत. प्राध्यापक या शब्दाचा याहून मोठा सन्मान माझ्या पाहण्यात नाही.

आता आपल्या मातीकडे येऊ. आपल्या डोंगरउतारांवर जांभ्याची माती आहे. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. एवढे पाणी जमिनीतला चुना, पोटॅश यांसारखी द्रव्ये धुऊन नेते, माती आम्ल होते, आणि तिच्यातले लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला असे धरून ठेवतात की पिकाला तो सहज मिळत नाही. अशा मातीत जो काही कस टिकतो, तो मुख्यतः तिच्यातल्या कुजलेल्या पाल्याच्या, म्हणजे सेंद्रिय द्रव्याच्या आधाराने. पाला हे या मातीचे भांडवल आहे. ते जाळले किंवा वाहू दिले, की पाठीमागे उरतो तो चिरा.

आपल्या पूर्वजांना रसायनशास्त्र माहीत नव्हते, पण हे माहीत होते. म्हणून त्यांनी जमिनीला एक नाव दिले नाही. उंचावरची ती मोरड, रेताड ती खेर, खाडीकाठची खारी ती खाजन. खाजनात बांध घालून, त्याला मानस बसवून भरती-ओहोटीचे पाणी हिशेबाने आतबाहेर सोडले. आणि खारे पाणी सोसणारे कोरगूट भात तिथे पेरले. जुन्या गोवा येथील ऐला गावच्या कृषी संशोधन संस्थेने याच कोरगुटातून निवड करून सुधारित वाण दिले आहेत. म्हणजे आपल्या आज्यांनी जपलेल्या मुडीवरच आजचे विज्ञान उभे आहे. पावसाळी भात निघाल्यावर ओलीवर अळसांदे, कुळीथ किंवा उडीद पेरत. जिथे पाणी असे तिथे वायंगण होई. डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, ही त्या भाताची बेवड. डिचोलीच्या वळणावळणांवर आजही कुळागरे दिसतात. वर माड आणि पोफळी, त्यांच्या अंगावर मिरवेल, खाली केळी, त्याखाली अननस आणि आले, आणि सगळ्यांच्या पायाशी पाल्याचा थर. माती उघडी ठेवू नये, हा जगभर सांगितला जाणारा नियम ज्याला डोळ्यांनी पाहायचा असेल, त्याने कुळागरात जाऊन खाली पाहावे.

मात्र जुन्याचे गोडवे गाताना सावध राहिले पाहिजे. सगळे जुने चांगले नव्हते. डोंगर जाळून केलेली कुमेरी, लोकसंख्या कमी आणि रान अफाट होते तोवर निभावली. विश्रांतीची वर्षे घटली तेव्हा तिने उतारांची कातडी सोलून काढली. गावकरीची व्यवस्था बांध आणि पाणी उत्तम सांभाळी, पण त्या व्यवस्थेत भूमिहीनाला आणि स्त्रीला आवाज नव्हता. ज्या आजींनी बियाणे जपले, त्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. आणि ज्याला आपण परंपरा म्हणतो तीत भूकही होती. साठच्या दशकाच्या अखेरीस ‘जया’ हे भात आले, मागोमाग ‘ज्योती’ आले, पिशवीतले खत आले आणि आमच्या घरात पहिल्यांदा श्रावणातही दोन वेळा भात शिजला. त्या भाताची चव माझ्या जिभेवर आहे. म्हणून रासायनिक खताला सरसकट विष म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मला बसता येत नाही. त्याने आमची भूक भागवली. पण त्याच्या भरवशावर आम्ही गुरे विकली, पाला गोळा करणे सोडले, अळसांदे सोडले, आणि मातीचे भांडवल खाऊन टाकले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आपल्याला वाटेल की हा प्रश्न आपल्यापुरता आहे. तसे नाही. पुनरुज्जीवक शेतीचे मोठे आणि धाडसी प्रयोग आफ्रिकेतल्या लहान शेतकऱ्यांच्या शेतांवर झाले आहेत. आफ्रिका गोमंतकीयांना अपरिचित नाही. नैरोबी, मोंबासा, कंपाला, मोझांबिक ही नावे आपल्याकडच्या कितीतरी घरांत नोकरीची गावे म्हणून उच्चारली गेली. पण त्याहून जुने नाते पानातले आहे. आपली नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशातून हजारो वर्षांपूर्वी इकडे आली. अळसांदे, म्हणजे चवळी, मूळची आफ्रिकेचीच. उन्हाळ्यात आपण कापतो ते कलिंगडही तिथलेच. त्या अनाम शेतकऱ्यांनी निवडलेले बी आपण खातो आहोत. ज्याचे अन्न खातो, त्याची विद्या घेण्यात संकोच कसला?

त्या विद्येची दोन उदाहरणे देतो. बुर्किना फासो या देशात याकुबा सावादोगो नावाचा शेतकरी होता. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांतील दुष्काळांनी सहाराच्या दक्षिणेकडील पट्टा होरपळून निघाला, माती दगडासारखी झाली, लोक गावे सोडून गेले. याकुबाने झाई नावाची जुनी रीत पुन्हा काढली. कोरड्या दिवसांत टणक जमिनीत वीतभर रुंदीचे खड्डे खणायचे, त्यांत शेण आणि पालापाचोळा घालायचा. वाळवी तिकडे येते, जमीन पोखरते, पहिल्या पावसाचे पाणी त्या वाटांनी खाली मुरते, आणि मग त्याच खड्ड्यात ज्वारी-बाजरी पेरायची. उन्हात खड्डे खणणाऱ्या या माणसाला शेजाऱ्यांनी वेडा ठरवले. पुढे तेच शेजारी त्याच्याकडे शिकायला आले. ओसाड माळावर त्याने धान्याबरोबर एक वनही उभे केले. २०१८ साली त्याला राइट लाइव्हलीहूड हा आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाला आणि २०२३ साली तो निवर्तला. मात्र एक गोष्ट आपल्या पेडणेकरांनी विशेष ऐकावी. ज्या जमिनीत त्याने वन उभे केले, तिच्यावरचा त्याचा कायदेशीर हक्क पक्का नव्हता. शहर वाढत आले आणि त्या वनात घरांचे भूखंड आखले गेले.

दुसरे उदाहरण नायजर देशाचे. तिथे १९८३ च्या सुमारास टोनी रिनोडो या ऑस्ट्रेलियन कार्यकर्त्याच्या लक्षात आले की तोडलेल्या झाडांचे बुंधे जमिनीखाली जिवंत आहेत. नवी रोपे लावण्यापेक्षा त्यांना फुटलेले धुमारे निवडून राखले तर झाडे आपोआप वाढतील. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत सुमारे पन्नास लाख हेक्टरांवर शेतकऱ्यांनी अशी झाडे राखली. हे एका युक्तीने झाले असे समजू नका. वसाहतकाळापासून तिथे शेतातले झाडसुद्धा सरकारचे मानले जाई. मग शेतकरी ते कशाला जपेल? झाड आपले आहे, ते तोडले तर त्याचा पैसा आपल्याला मिळेल, हा भरवसा जसजसा आला तसतशी झाडे वाढली. कस मातीत असतो खरा, पण तो परत आणण्यासाठी आधी माणसाला शब्द द्यावा लागतो. आजच्या व्याख्यानाचे शीर्षक मी येथून घेतले आहे.

आफ्रिकेने आपल्याला भाताच्या शेतीतही शिकवले आहे. मादागास्कर बेटावर १९८३ साली फादर आंरी द लोलानिये यांनी जी लागवड पद्धत बसवली, ती आपल्याकडे ‘श्री’ पद्धत म्हणून आली. कोवळे रोप, एका ठिकाणी एकच, मोकळ्या अंतरावर, आणि सतत तुंबलेल्या पाण्याऐवजी आलटून पालटून ओल. आपल्या जुलैच्या पावसात पाण्यावर एवढे नियंत्रण ठेवणे अवघड. वायंगणात ते अधिक जमते. कोकणातच कर्जत तालुक्यातील नेरळजवळ श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र विकसित केले. एकदा गादीवाफे केले की नांगरणी, चिखलणी आणि लावणी नाही; कापणीनंतर भाताची मुळे जमिनीतच राहू द्यायची आणि त्याच वाफ्यांवर वाल, मूग, हरभरा टोकायचा. मुळे जागच्या जागी कुजतात, त्यांच्या पोकळ्यांतून हवा आणि पाणी खेळते, गांडुळे परत येतात. यात तणनाशक वापरले जाते, हा आक्षेप खरा आहे आणि तो झाकू नये. विदर्भातील श्री. सुभाष पाळेकर यांनी देशी गाईचे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती यांच्या जीवामृताचा देशभर प्रसार केला. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला मंजुरी दिली. तेव्हा विद्या नाही, माहिती नाही, योजना नाही, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

मग अडते कुठे? माझा अनुभव सांगतो. निवृत्तीनंतर मी गावी परतलो. वडिलांच्या वाट्याची जमीन वीस वर्षे पडीक होती. पूर्वी आमच्याकडे जमीन किती, याचे उत्तर चौरस मीटरांत देत नसत. किती कुडव बी पेरतात, ते सांगत. आमची दहा कुडवांची. मी पुस्तके वाचून उत्साहाने ठरवले की पहिल्या वर्षापासून खताचा कणही घालायचा नाही. भात पिवळे पडले. शेजारच्या शेतातले हिरवेगार आणि माझे कावीळ झाल्यासारखे. दाणा भरला नाही. जे आले ते रानडुकरांनी आणि मोरांनी नेले. गावात हसू झाले, आणि ते रास्त होते. उपाशी माणसाला पथ्य सांगावे तसे मी त्या जमिनीला सांगितले होते. कस गेलेली जमीन केवळ वर्ज्य पाळून सुधारत नाही. तिला आधी खायला घालावे लागते. श्रीलंकेत २०२१ साली सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भाताचे उत्पादन घसरले आणि त्याच वर्षी तो निर्णय मागे घ्यावा लागला. माझी चूक दहा कुडवांची होती, त्यांची एका देशाची. पण जात एकच.

माझ्या शेजारी एक बाई आपल्या नवऱ्यासह शेती करतात. त्यांच्या मालकीची जमीन नाही. त्यांनी मला सांगितले, “सर, मेरेवर गिरिपुष्प लावा आणि पाला चिखलात तुडवा. शेणखत मिळेल तेवढे घाला. खत एकदम सोडू नका, दरवर्षी थोडे थोडे कमी करा. आणि भात काढल्यावर शेत मोकळे ठेवू नका.” मी तसे केले. अळसांदे पेरले तर मोकाट गुरांनी खाल्ले. मग लक्षात आले की हे एकट्याचे कामच नाही. पूर्वी सगळा वाडा मिळून वई घाली, राखण करी. वरच्या शेतकऱ्याने पाट साफ केला नाही तर खालच्याचे वायंगण होत नाही. म्हणून आम्ही पाच घरे एकत्र आलो. चौथ्या वर्षी नांगराच्या तासात गांडुळे दिसली. माझे उत्पन्न अजून शेजारच्या खतावरच्या शेताइतके नाही, हे प्रांजळपणे सांगतो; पण खर्च निम्म्याहून कमी आहे, आणि पावसाने आठवडाभर दडी मारली तर आता माझे भात लगेच माना टाकत नाही.

डिचोलीकरांची अडचण याहून कठीण आहे. शिरगाव, मये, मुळगाव या गावांनी खाणींबरोबर अनेक दशके काढली. पावसात वाहून आलेला खाणीचा गाळ शेतांत बसला. तो वाळला की विटेसारखा होतो, मुळांना हवा मिळत नाही. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, आणि २०२२ पासून नव्या लिलावांनंतर पुन्हा सुरू होऊ लागल्या. खाणीवर ज्यांची चूल पेटली त्यांना मी दोष देणार नाही. परंतु एवढे निश्चित की तो गाळ उपसल्याशिवाय आणि पुन्हा न येण्याची हमी मिळाल्याशिवाय तिथल्या शेतकऱ्याला जीवामृताची कृती सांगणे ही त्याची थट्टा आहे. प्रचार करणाऱ्याने आधी कुणाच्या शेतात काय साचले आहे ते पाहावे.

पेडण्यात गाळ नाही, पण दर आहे. तिळारीचे पाणी कालव्यांतून आले. डिसेंबर २०२२ मध्ये मोपेच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. किनाऱ्यावर मोरजी-मांद्रे-हरमलला जे घडले ते आता आत धारगळ-तोरशापर्यंत येऊ पाहते. हरमलच्या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण ज्या मळ्यांत ती पिकते ते राहिले नाहीत तर मानांकन हे माझ्या प्रबंधाच्या परिशिष्टासारखेच होईल. भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध आणणारा कायदा राज्याने २०२३ साली केला. तो योग्यच आहे. मात्र कायदा जमीन विकू देणार नाही. ती कसायला लावू शकणार नाही.

आणि इथे मी माझ्या घरातल्या गोष्टीवर येतो. माझे वडील कूळ होते. १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला, तेव्हा वडिलांनी देवापुढे नारळ ठेवला. एक-चौदाच्या उताऱ्यावर त्यांचे नाव लागले. बाकीची कागदपत्रे पुरी होण्यात त्यांचे उरलेले आयुष्य गेले. ज्या कायद्याने आम्हाला जमीन दिली, त्याच कायद्याचे भय आज आम्ही मालक होऊन बाळगतो. दुसऱ्याला कसायला दिली तर तो कूळ लागेल, या भीतीने आपल्या तालुक्यात किती शेते पडीक आहेत, ते आपण सगळे जाणतो. आम्ही पाच भावंडे. आपल्याकडच्या वारसाहक्कानुसार सगळ्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या लागतात. मी आता पंचाहत्तरी ओलांडली. चिखलात उतरण्याचे दिवस संपत आले. शेजारच्या त्या दांपत्याने ही जमीन सांभाळावी, अशी माझी इच्छा आहे. पण वर्षाच्या तोंडी बोलीवर कोणी मातीत दहा वर्षांचा पाला घालीत नाही. नायजरचा शेतकरी घालीत नव्हता, माझे वडील कूळ असताना घालीत नव्हते, तर या बाईंनी का घालावा? म्हणून दहा वर्षांचा लेखी करार करावा, असे मी भावंडांपुढे मांडले आहे. तिघांनी होकार दिला आहे. धाकट्याचा होकार आलेला नाही. त्याच्याकडे दलालाचा निरोप गेला आहे, आणि त्याच्या मुलांची शिक्षणे व्हायची आहेत. त्याला स्वार्थी म्हणणे सोपे आहे; मी म्हणणार नाही. वीस वर्षे शेत पडीक ठेवणारा थोरला भाऊ मीच होतो.

मित्रहो, प्रचार हा शब्द मला फारसा आवडत नाही, पण लहान शेतकऱ्यापर्यंत ही शेती न्यायची असेल तर काय करावे, ते थोडक्यात सांगतो. पहिले, शेजाऱ्याच्या शेतावरून शेजारी शिकतो; म्हणून प्रत्येक वाड्यात एक कुणगा असा असावा की जिथे येणाजाणाऱ्याला फरक दिसेल. दुसरे, एकदम सोडण्याची शपथ घालू नये. जोखीम त्याची आहे, आपली नाही. पहिल्या तीन-चार वर्षांची तूट समाजाने किंवा सरकारने वाटून घ्यावी. तिसरे, बांध, वई, पाट आणि मोकाट गुरे ही सामायिक कामे आहेत. ती ग्रामसभेत यावीत. चौथे, कसणाऱ्याला लेखी शब्द द्यावा. मालकाचा हक्क आणि कसणाऱ्याची मुदत, दोन्ही सुरक्षित ठेवणारा कायदा आपल्या लोकप्रतिनिधींकडे मागावा. आणि पाचवे, जे सांगायचे ते शेतकऱ्याच्या शब्दांत सांगावे. सरकारी पत्रकातील ‘सेंद्रिय कर्बाचे संवर्धन’ वाचून शेतकरी ते पत्रक घडी करून खिशात ठेवतो; ‘कस’ म्हटले की तो बोलू लागतो.

विद्यार्थ्यांकडून मला एवढेच मागायचे आहे. घरी जाऊन आजीला विचारा की तिच्या वेळी कोणकोणती भाते होती, कोणते अळसांदे होते. नुसती नावे लिहून आणू नका. मी केली ती चूक करू नका. मूठभर बी मागा. शाळेच्या मागे पाच-दहा वाफ्यांची जागा आहे, ती मी येताना पाहून आलो. तिथे ते बी दरवर्षी पेरा, कारण बियाणे बरणीत फार काळ जगत नाही. ते शेतातच जगते. मुख्याध्यापकांनी त्याला अनुमती द्यावी, अशी त्यांना जाहीर विनंती करतो. माझ्याकडचे अळसांद्यांचे बी मी आज पिशवीतून आणले आहे. ते माझ्या शेजारणीने दिलेले आहे, एवढी नोंद मात्र ठेवावी.

गुरुजींच्या हजेरीपटात माझ्या नावापुढे ‘शेतावर’ हा शेरा फार थोड्या वेळा पडला. मी हुशार विद्यार्थी होतो, शाळा चुकवीत नसे. वडिलांनीच मला शेतापासून दूर ठेवले होते. पुढे वाट दिसत गेली आणि मी दूर जात राहिलो. उतारवयात ती गैरहजेरी थोडीफार भरून काढली.  पुढच्या आषाढात या वर्गांतली काही मुले दिसली नाहीत, तर त्यांच्या नावापुढे काय लिहायचे ते शिक्षकांना सांगण्याची आवश्यकता नाही.